बंद पाठीचा कोट

कुणाचाही विश्वास बसणार नाही, पण तो खटका माणूस ओळखायचा. दारावरच्या विजेच्या पांढऱ्या पेटीत, भावंडांच्या रांगेत अगदी कडेला बसलेला, अंगठ्याच्या नखाएवढा काळा खटका. मास्तर स्टुलावर चढून त्याच्याकडे बघत होते आणि तो मान खाली टाकून, कोडगेपणाने जमिनीकडे बघत होता. बोटाने वर ढकलला की राहायचा वर. समोर उभं राहिलं, डोळ्यात डोळा घातला, तर अगदी शहाण्यासारखा राहायचा. जरा पाठ फिरवली, स्टुलावरून उतरून पायात चपला सरकवल्या, की खट्ट… आणि आतल्या खोलीतला एसी एक लांब सुस्कारा सोडून गप्प. हे सांगितलं तर लोक म्हणणार, मास्तरांचं आता वय झालं. म्हणून त्यांनी ते कुणाला सांगितलंच नव्हतं. म्हणजे खालच्या मजल्यावरच्या वकिलांना सांगितलं होतं, दूधवाल्याला सांगितलं होतं, आणि काल चुकून फोन लागलेल्या एका बाईंना सांगितलं होतं, पण तेवढंच.

"पडला का?" आतून बायकोचा आवाज आला.

"पडला नाही. विश्रांती घेतोय."

आतून उत्तर आलं नाही. पूर्वी आलं असतं. पूर्वी म्हणजे फार लांबची गोष्ट नव्हे, उन्हं तापायच्या आधीची… तेव्हा त्या खोलीतून येणाऱ्या एकेका टोमण्यावर मास्तरांचा दिवस ढकलला जायचा. तिच्या दुखण्याचं नाव लांबलचक होतं आणि मास्तर ते कधी उच्चारत नसत. त्यांच्यापुरतं ते दुखणं एवढंच होतं, की गारव्यात ती भिंतीला धरून चालायची, चमचा धरायची, नवऱ्याच्या चुका काढायची. आणि उकाडा चढला की कुणीतरी कच्ची टीप ओढून घ्यावी तशी हातापायांतून सैल पडत जायची. डॉक्टरांनी औषधांपेक्षा जास्त वेळ घेऊन एकच गोष्ट सांगितली होती, खोली गार ठेवा. आणि खोली गार ठेवणारं यंत्र दिवस चढला की रुसत होतं.

सकाळी लेकीचा फोन आला तेव्हा मास्तर कपाळावरचा घाम बाहीला पुसत होते, आणि आपला आवाज कोरडा ठेवायचा प्रयत्न करत होते.

"बाबा, खरं सांगा, काल पुन्हा बंद पडला ना?"

"बंद म्हणजे… मीच केला. सारखा चालू ठेवला तर लाडावतो."

"दुरुस्तीवाला परवाशिवाय येणार नाही म्हणतोय. सगळ्यांचीच यंत्रं बिघडलीत. तोवर आईने उकडून निघायचं का? मी संध्याकाळी गाडी घेऊन येतेय. खोली गार असली तर चहा घेऊन परत जाईन. नसली तर आईला घेऊन जाईन."

"किती दिवस?"

"बाबा!"

किती दिवस ते सगळं त्या एका 'बाबा'मध्ये होतं. मुली हा शब्द किती तऱ्हांनी म्हणतात याचा कुणी अभ्यास करायला हवा… लहानपणी ती हाक होती, मग हट्ट झाला, मग लग्नानंतर नुसती चौकशी, आणि आता हा असा — दार हळूच लावून घेतल्यासारखा.

"तुम्हीही चला की. म्हटलंय का मी नको म्हणून?"

"मी? मी काय सामान आहे?"

लेकीचं घर मास्तरांनी पाहिलं होतं. उंच, स्वच्छ, खिडक्या न उघडणाऱ्या. तिथे त्यांनी जावयाच्या सदऱ्याचं लोंबणारं बटण शिवायला घेतलं तर लेकीने सुई काढून घेतली होती, गालिच्यावर दोऱ्याचे तुकडे पडतात म्हणून. दोऱ्याचे तुकडे! ज्या दोऱ्याच्या तुकड्यांवर तू वाढलीस, चालायला शिकलीस, त्या दोऱ्याचे तुकडे… नाही. तिकडे नाही. ही गेली तर परत येणार नाही, आणि हिच्या मागोमाग गेलो तर मीही नाही. इथे, या घरात, मी अजून कुणीतरी आहे. मी बघतो ना! संध्याकाळपर्यंत बघतो!

मास्तरांनी बाह्या वर सारल्या. आयुष्यभर त्यांनी शिंपीकामाची एकच विद्या केली होती, पण ती कशालाही लागू पडते असा त्यांचा दावा होता. कोट खांद्यात ओढतोय अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक आलं की नवशिका थेट खांदाच उसवायला घेतो. मास्तर तसं करत नसत. ते आधी गिऱ्हाइकाला चालायला लावत, बसायला लावत, हात वर करायला लावत. ओढ दिसते एकीकडे आणि असते दुसरीकडे. तेव्हा या खटक्याचंही तसंच. आधी घरातली बाकी सगळी ओढ काढून टाकायची.

त्यांनी फ्रीजचा प्लग काढला. इस्त्री काढली, कपडे धुण्याचं यंत्र काढलं, मोबाइलची बिचारी टीचभर वायरसुद्धा काढली. घर असं मुकं झालं की घड्याळ ऐकू यायला लागलं. मग खटका वर. एसी सुरू झाला. गार वारा आला, पलंगावरच्या चादरीचं टोक हललं, आणि मास्तर खुर्ची ओढून तिच्या उशाशी बसले. तिच्या कपाळावर ओला रुमाल होता आणि नजर खिडकीबाहेर, गॅलरीकडे. हल्ली ती सारखी तिकडेच बघायची. बराच वेळ सगळं झकास चाललं. मग बाहेरच्या यंत्राची घुरघुर हळूहळू जड झाली, जिना चढणाऱ्या लठ्ठ माणसासारखी, आणि खट्ट.

"अहो, राहू द्या आता," ती म्हणाली.

राहू द्या म्हणजे काय? काय राहू द्या? मास्तर ताडकन उठले.

"राहू द्या कसं? मी अजून सुरुवातसुद्धा केली नाही!"

दुसऱ्यांदा स्टुलावर चढले तर खटका वर ढकलताक्षणी पुन्हा खाली. तिसऱ्यांदा तेच. मग थोडं थांबून ढकलला तर राहिला. म्हणजे दमतो आणि दम खाऊन पुन्हा उठतो, असं आहे तर… मास्तरांना त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. एवढ्यात दारातून खालचे वकील डोकावले. लिफ्ट असून जिन्याने येणारा माणूस, त्यामुळे पहिलं वाक्य नेहमी धापा टाकत.

"काय मास्तर, झोंबी चाललीय का अजून?"

"या वकीलसाहेब. साक्षीदार पाहिजेच होता."

"अहो, कशाला जिवाला त्रास! मी सांगतो ऐका. हा ब्रेकर काढून टाका, याच्या दुप्पट ताकदीचा बसवा. पडायचं नाव काढणार नाही."

मास्तर स्टुलावरून खाली उतरले नाहीत. उंचावरून बोलायची संधी त्यांना फार वेळा मिळत नसे.

"वकीलसाहेब, तुमच्या काळ्या कोटाचं मधलं बटण सारखं तुटायचं, आठवतं?"

"आठवतं की. तुमच्या दोऱ्यात दम नव्हता."

"दोऱ्यात दम होता, तुमच्या जेवणात जास्त होता. तेव्हा मी काय केलं? बटणाऐवजी तिथे खिळा ठोकला का?"

"नाही बुवा."

"का नाही ठोकला? कारण बटण तुटतं म्हणून शिवण वाचते. खिळा ठोकला असता तर तुम्ही भर कोर्टात पाठीत उसवला असता. हा खटका म्हणजे बटण आहे. याला मी खिळा ठोकला, तर उसवणार कुठे? भिंतीतल्या वायरी! आणि त्या उसवत नाहीत, पेटतात."

वकिलांनी पेटीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

"मग पोट कमी करा त्याचं," असं म्हणून ते हसत हसत जिना उतरले, आणि मास्तर मनातल्या मनात दोन्ही बाजूंनी खटला पुन्हा चालवून पुन्हा जिंकले.

पण जिंकून खोली गार होत नव्हती. त्यांनी एसीचं झाकण उघडलं, आतली जाळी काढली. जाळीवर धुळीचा असा जाड थर होता की त्याची एक बंडी निघाली असती. ती त्यांनी नळाखाली धुतली, झटकली, पुसली, परत बसवली. या वेळी वारा भसकन आला. "आलं हो," ती म्हणाली, आणि तिने रुमाल स्वतःच्या हाताने कपाळावरून काढला. स्वतःच्या हाताने! मास्तर खोलीच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभे राहिले. आता येऊ दे लेकीला गाडी घेऊन. चहात साखर जास्त घालेन, म्हणेन पी आणि… बाहेरची घुरघुर जड झाली. मास्तरांनी डोळे मिटले. खट्ट.

दुपार आता भिंतींतून आत यायला लागली होती. ती पुन्हा बोलेनाशी झाली. मास्तरांनी रुमाल पुन्हा भिजवून तिच्या कपाळावर ठेवला, तेव्हा तिची बोटं चादरीवर उघडी पडलेली त्यांना दिसली… याच बोटांनी दुकानाची सगळी काजं केली. मास्तर कापायचे, ती घरी बसून काजं करायची, आणि एखाद्या कापात गफलत असली तर ते कापड घडी न घालता, तसंच उलगडून त्यांच्यासमोर टाकून निघून जायची. एक शब्द बोलायची नाही. त्यांना तेव्हा तिचा फार राग यायचा. आत्ता त्या बोटांवर पाणी शिंपडताना राग आला तो मात्र लेकीचा, उन्हाचा, दुरुस्तीवाल्याचा, आणि असाच हवेतला, कुणाचंच नाव नसलेला. हिला मी पाठवणार नाही. गाडी आणू दे नाहीतर वरात आणू दे.

आता त्यांनी एसी नुसता पंख्यावर ठेवला. गारवा नाही, फक्त वारा. बसले. घुरघुर आलीच नाही. खटका हलला नाही. ते मुद्दाम उठून चपला घालून जिन्यापर्यंत जाऊन आले, तरी हलला नाही. म्हणजे आतली बाजू निर्दोष. दुखणं बाहेर. गॅलरीत.

आणि गॅलरीत जायचं त्यांनी सकाळपासून का टाळलं होतं, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

गॅलरीत ते यंत्र कोट घालून बसलं होतं.

हो, कोट. उन्हं सुरू व्हायच्या आधी धुळीचे वारे सुटले तेव्हा मास्तरांनी तो शिवला होता. निळसर करड्या रंगाचं जाड, पाणी न धरणारं कापड, आत अस्तर, पुढे पंख्यासाठी गोल गळा आणि त्या गळ्याला तांबडी किनार, खाली रांगेत बटणं. टेप घेऊन त्यांनी त्या यंत्राचं माप असं घेतलं होतं की कुठल्या नवरदेवाचं घेतलं नसेल. आणि पाठ! पाठीबद्दल तर प्रश्नच नव्हता. कारण मास्तर सगळ्या पेठेत पाठीचे मास्तर म्हणूनच ओळखले जायचे. माणूस आरशात स्वतःला पुढून बघतो, ते म्हणत, पण जग त्याला जाताना बघतं. त्यांनी एका खांदे पडलेल्या माणसाला अशी पाठ शिवून दिली होती, की मुलीने त्याला पाठमोरा पाहूनच होकार दिला आणि तो वळल्यावर म्हणाली, पुन्हा तिकडे तोंड करा. हे खरं आहे. निदान मास्तर सांगत तेव्हा दर वेळी खरं असे. तेव्हा या कोटाची पाठही तशीच, अखंड एका तुकड्याची, बिनजोडाची. आणि यंत्र सुरू असताना तिच्यावर एक सुरकुती नसे. सुरकुती औषधालासुद्धा नसे. ते स्वतः भिंत आणि यंत्र यांच्यामधल्या फटीत मान घालून ती पाठ पुन्हा पुन्हा बघत… माझ्या हातची.

त्यांनी आत जाऊन गारवा सुरू केला आणि परत आले. पुढच्या गोल गळ्यासमोर कापडाची एक कातरण धरली. कातरण थरथरली. नुसती थरथरली. म्हाताऱ्याने दुधावर घातलेल्या फुंकरीसारखी ऊन हवा येत होती, बस्स. एवढं मोठं यंत्र आणि एवढीच फुंकर? मग हवा जाते कुठे… की येतच नाही?

मास्तर फटीत शिरले. भिंतीचा चुना पोटाला लागला. पाठ तशीच होती, ताणलेली, गुळगुळीत, बिनसुरकुतीची. त्यांनी सवयीने तिच्यावर तळहात फिरवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. कापड तापलं होतं हे खरं, पण चटका त्याचा नव्हता. कापड आत ओढलं गेलं होतं. यंत्राच्या पत्र्याच्या पाती कापडातून एकेक मोजता येत होत्या, बरगड्यांसारख्या. त्यांनी बाजूची शिवण ब्लेडने बोटभर उसवली आणि तिथे दोऱ्याचा एक तुकडा धरला. दोरा सप्पकन आत गेला.

ते मागून श्वास घेत होतं. पुढून सोडत होतं आणि मागून घेत होतं. आणि कोट म्हटलं की पुढून उघडा आणि मागून बंद, याच्या पलीकडे मास्तरांच्या हाताला आयुष्यात कधी काही सुचलंच नव्हतं.

म्हणजे ती सुरकुती नसणं… ते माझं नव्हतं. बेत माझा नव्हता, हात माझा नव्हता. ते यंत्र इतके दिवस जीव खाऊन हवा ओढत होतं, आणि मी त्याच्या गुदमरण्याला माझी सफाई समजून मान घालून बघत होतो. मास्तर त्या फटीत, भिंत आणि कोट यांच्यामध्ये, बराच वेळ तसेच उभे राहिले. कुणीतरी तोंडात मारावी आणि मारणारा दिसू नये तसं झालं होतं.

मग त्यांचं नाक फुललं.

बरं! झालं असेल! कुठल्या शिंप्याने कधी यंत्राला कोट शिवलाय? एकाने तरी? पहिल्या कोटात कुणाची चूक होत नाही? ते तरातरा आत आले आणि स्टुलावर चढून खटका त्यांनी आपल्या हाताने खाली पाडला, तो पडायच्या आधी. मग मोठी कात्री घेतली. बटणं काढून कोट सरळ उतरवता आला असता, पण ते शरणागतीसारखं दिसलं असतं. यंत्राला उघडं करून ते लेकीच्या स्वागताला बसवणार नव्हते. त्यांनी पाठ कापली. शिवणीच्या आतून, कडेकडेने, एका झटक्यात, आणि बगलाही मोकळ्या केल्या. काही जाकिटांना मागून पाठ नसते, बडे लोक वापरतात तसली जाकिटं. जाकीट झालं! कापताना ते खिडकीकडे पाठ करून उभे राहिले, पलंगावरून दिसू नये म्हणून. कापलेला तुकडा घडी घालून सदऱ्याच्या आत, पोटाशी धरून घरात आणला आणि कपाटात तळाला टाकला. तो अजून ऊन होता.

खटका वर. वारा. गारवा. मास्तर दारात उभे. मग मुद्दाम त्यांनी पाठ फिरवली, चपला घातल्या, जिन्यापर्यंत गेले, एक मजला उतरले, वकिलांच्या दारावरची पाटी वाचली, परत आले. घुरघुर हलकी होती, सरळ चालणाऱ्या शिलाई यंत्रासारखी. पुढच्या गळ्यातून आता अशी हवा येत होती की गॅलरीतले वाळत घातलेले टॉवेल आडवे झाले होते. खोलीत गेले तर ती उशीला टेकून बसली होती. पायावर चादर ओढून घेतलेली. डोळे स्वच्छ.

"गार वाटतंय?"

"हं," ती म्हणाली. त्यांच्या सदऱ्यावरच्या चुन्याकडे मात्र बघत राहिली.

लेक आली तेव्हा तिच्या हातात आईच्या कपड्यांसाठी रिकामी बॅग होती. उंबरठ्यावरच तिला आतला गारवा लागला आणि ती थबकली. बाहेरच्या खोलीत उभं राहून तिने पेटीकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं.

"केव्हापासून चालू आहे?"

"चालूच असतो. आम्ही गारठून गेलोय."

"बाबा, खरं सांगा. काय झालं होतं?"

आता मास्तरांना काय झालं होतं ते सांगता आलं असतं. ते जिभेवर आलंही असेल. पण लेकीच्या हातातली ती रिकामी बॅग, तिचं ते उघडं तोंड… आणि जिभेला पूर्वीपासून एक वेगळाच रस्ता माहीत होता.

"गांधीलमाश्या," ते म्हणाले.

"काय?"

"पोळं केलं होतं यंत्राच्या पाठीवर. एवढं! नाही, एवढं. हवाच जाईना आत. मी हात घातला तर राणीमाशी समोर. ती माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे बघतोय. म्हटलं बाई, माझ्या बायकोला उकडतंय, तू दुसरीकडे संसार मांड. तर ऐकेना. मग मी काय केलं, इस्त्री तापवली, आणि तिला नुसती लांबून दाखवली —"

लेक हसायला लागली होती. बॅग तिने खुर्चीवर ठेवली, पूर्ण नाही, एक पट्टा अजून बोटात होता. मास्तरांनी ते हेरलं आणि आवाज चढवला.

"— तर अख्खं पोळं उठलं आणि एका रांगेत, शिस्तीत, शाळा सुटल्यासारखं —"

"खोटं!"

आतून. इतक्या मोठ्याने, की लेक दचकली. पट्टा बोटातून सुटला.

"एक माशी नव्हती तिथे. कोट शिवला होता त्यांनी त्याला. पाठ बंद करून. मी तेव्हाच म्हटलं होतं, मागे फट सोडा, ते श्वास कुठून घेईल, तर मला म्हणाले, काजं करणारीने बेतण्यात बोलू नये."

असं म्हणालो होतो मी? … कधी? दिवसभरात एवढं सगळं आठवलं, वकिलांचं पोट आठवलं, नवरदेवाची पाठ आठवली, आणि हे वाक्य कुठे होतं? ते शोधायला गेले तर ते तिथेच होतं, खडूच्या रेघेसारखं स्पष्ट. म्हणजे ती खिडकीतून बघत होती ते कोटाकडे. आजही. कालही. हातपाय सैल पडत होते तेव्हाही. उलगडून समोर टाकलेल्या कापडासारखी पडून होती, आणि एक शब्द बोलली नव्हती.

लेक आतल्या खोलीच्या दारात गेली. "आई, तुला कळलं होतं, तर इतके दिवस बोलली का नाहीस?"

"मला विचारलं कुणी?" ती म्हणाली. "हे म्हणतात पाठवणार नाही, तू म्हणतेस घेऊन जाणार. विचारलं कुणी?"

गार वारा बाहेरच्या खोलीपर्यंत येत होता. मास्तरांच्या डोक्यात उत्तरं तयार होती, नेहमीसारखी, एकाहून एक सरस. पण पहिल्यांदाच त्यांना त्यांतलं एकही वापरावंसं वाटेना. दिवसभर ते ज्या बाजूने लढत होते ती बाजू तिची आहे असं त्यांनी धरलं होतं, धरायचीही गरज वाटली नव्हती… आता तिलाच विचारायला हवं होतं, जायचंय की राहायचंय. एवढंच. दोन शब्द. लेक दारात वळून त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतही तेच होतं, की आधी तुम्ही विचारा.

मास्तरांनी छाती भरून श्वास घेतला. तो लगेच सोडायची त्यांची छाती होईना.